एका ओळीची सॉर्टी, अकरा पानांचं प्रकरण

हवाई दलातून निवृत्त झालेल्या वैमानिकाच्या आठवणींचं शब्दांकन करायचं ठरलं, की पहिल्या भेटीत रेकॉर्डर काढू नका. लॉगबुक मागा, म्हणजे प्रत्येक उड्डाणाची नोंदवही. वानवडीत राहणाऱ्या एका वीरचक्रप्राप्त विंग कमांडरांबरोबर आम्ही दोघांनी दोन वर्षं काम केलं. एकाने ध्वनिमुद्रण आणि कागदपत्रं सांभाळली, दुसऱ्याने मजकूर. त्यातून जे हाती लागलं ते असं काम करू पाहणाऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहितो आहोत. पुस्तक येईपर्यंत नाव बाहेर जाऊ नये अशी सरांची इच्छा आहे, म्हणून त्यांचं, स्क्वाड्रनचं आणि तळाचं नाव इथे नाही. विमान हंटर, युद्ध १९७१चं, आघाडी पश्चिमेची, एवढं सांगितलं तरी पुढचं समजायला पुरे.

सरांची लॉगबुकं तीन. जाड पुठ्ठ्याची, कापडी पाठीची. उघडलं की डाव्या पानावर वर्ष, महिना, तारीख, विमानाचा प्रकार आणि क्रमांक, वैमानिकाचं नाव, सोबत कुणी असेल तर त्याचं, आणि मग 'ड्यूटी' हा रुंद रकाना. उजव्या पानावर नुसते तास: दिवसाचे, रात्रीचे, ड्युअल, सोलो, इन्स्ट्रुमेंट फ्लाइंगचे. पानाच्या तळाशी बेरीज, तीच पुढच्या पानाच्या माथ्यावर ओढलेली. महिनाअखेरीला गोषवारा आणि त्यावर फ्लाइट कमांडर व सीओ (कमांडिंग ऑफिसर, स्क्वाड्रनचा प्रमुख) यांच्या सह्या. रात्रीची उड्डाणं सरांनी लाल शाईत लिहिली आहेत.

ज्या उड्डाणासाठी, म्हणजे सॉर्टीसाठी, वीरचक्र मिळालं त्याची नोंद यात एका ओळीची आहे. तारीख, हंटर, विमानाचा क्रमांक, 'सेल्फ', ड्यूटीच्या रकान्यात तीन शब्द, आणि तासांच्या रकान्यात पन्नास मिनिटं. वरच्या ओळीत आदल्या दिवशीचं उड्डाण, खालच्या ओळीत त्याच दिवशीचं. अक्षर तेच, शाई तीच, कुठे अधोरेखितसुद्धा नाही.

ही पानं स्कॅनरवर पालथी घालून दाबू नका. पन्नास-पंचावन्न वर्षांची शिवण एका दाबात सुटते. वही उशीवर अर्धवट उघडी ठेवायची, कॅमेरा वरून सरळ खाली रोखायचा, दोन दिवे दोन बाजूंनी तिरपे लावायचे आणि एकेका पानाचा फोटो घ्यायचा. खिडकीचा उजेड बंद, कारण ढग आला-गेला की पुढच्या पानाचा रंग बदलतो. फ्लॅशही नको, चकाकीत पेन्सिलीच्या नोंदी पुसल्यासारख्या होतात. पुण्याच्या पावसाळ्यात कपाटातल्या वहीला बुरशी धरते, ती ओल्या फडक्याने पुसायची नसते. आधी वही हवेशीर जागी वाळू द्यायची, मग मऊ ब्रशने झटकायची. आणि हात जोडून एक विनंती: सायटेशनचा, म्हणजे पदकासोबतच्या गौरवपत्राचा, मूळ कागद लॅमिनेट करू नका. उष्णतेने चिकटवलेलं ते प्लास्टिक पुन्हा निघत नाही, निघालं तर कागद घेऊन निघतं. मान म्हणून लॅमिनेट केलेले आणि आत पिवळे पडलेले कागद आम्ही बऱ्याच फौजी घरांत पाहिले आहेत.

फोटो झाले की प्रत्येक ओळ स्प्रेडशीटमध्ये. इथे आमची पहिली मोठी चूक झाली. लॉगबुकात ०.५० म्हणजे पन्नास मिनिटं, १.१५ म्हणजे सव्वा तास. आम्ही हे आकडे जसेच्या तसे दशांश म्हणून भरले. ०.५० आणि ०.४५ यांची बेरीज मशिनने ०.९५ दिली, खरी आहे एक तास पस्तीस मिनिटं. पहिल्या वहीचा शेवट आला तेव्हा आमची बेरीज सरांच्या बेरजेशी कुठेच जुळेना. रकाना तास-मिनिटांचा करून सगळं पुन्हा भरलं, तेव्हा जुळली. या बेरजेचा एक मोठा फायदा नंतर कळला. एखाद्या ओळीत ०.४५ आहे की ०.५५ हे शाई पसरल्यामुळे कळत नसेल, तर त्या पानावरच्या बाकी ओळी बेरजेतून वजा करायच्या. जो उरतो तो आकडा. असे कितीतरी अंक डोळ्यांनी लागले नाहीत, ते वजाबाकीने लागले.

लॉगबुकात उड्डाण किती वेळ चाललं ते आहे, किती वाजता झालं ते नाही. ही वेळ शोधण्यात आमचा महिना गेला, आणि खरं सांगायचं तर संशोधनाचा आनंदही तिथेच मिळाला. सर सुरुवातीला म्हणत होते, "दुपार असावी." पण बोलताना एक गोष्ट ते प्रत्येक वेळी न चुकता सांगत: परतताना सूर्य डोळ्यांवर होता, काचेवरचे ओरखडे चमकत होते आणि त्यामुळे नंबर टू (सोबतच्या विमानातला वैमानिक) दिसायला वेळ लागला. पश्चिम आघाडीवर जाताना तोंड पश्चिमेला, येताना पूर्वेला. येताना सूर्य डोळ्यांवर असेल तर ती सकाळच. मग पलीकडच्या बाजूने छापून आलेल्या एका वर्णनात त्याच ठिकाणच्या हल्ल्याची वेळ सापडली, सकाळी पावणेनऊच्या आसपासची. ती पाकिस्तानी वेळ. भारतीय वेळ अर्धा तास पुढे, म्हणजे सव्वानऊ. डिसेंबरात पंजाबात सूर्य सातनंतर उगवतो, तेव्हा साडेनऊला तो आग्नेयेला खालीच असणार. सगळं जुळलं. वेळेचा हा अर्धा तास फार घोटाळे करतो. पश्चिम पाकिस्तान आपल्यापेक्षा अर्धा तास मागे होतं, तर पूर्व पाकिस्तान अर्धा तास पुढे. त्यातून काही लष्करी नोंदी ग्रीनिच वेळेत असतात, त्यांत साडेपाच तास मिळवायचे. एकाच घटनेच्या तीन पुस्तकांत तीन वेगवेगळ्या वेळा दिसल्या तर कुणी खोटं लिहिलंय असं लगेच समजू नये.

आकाशही साक्ष देतं. सरांच्या दोन आठवणी एकमेकींना छेदत होत्या. ५ डिसेंबरच्या रात्री मेसमधून तंबूकडे चाचपडत जावं लागलं, इतका काळोख होता, ही एक. त्याच रात्री चांदण्यात उभ्या विमानांच्या सावल्या जमिनीवर स्पष्ट पडल्या म्हणून जाळ्या नीट ओढून घ्यायला लावल्या, ही दुसरी. आम्ही दुसरी गाळणार होतो. मग पंचांग काढलं. मार्गशीर्ष पौर्णिमा संपली २ डिसेंबरला, म्हणजे दत्तजयंती नुकतीच होऊन गेलेली. पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी चंद्र सूर्यास्तानंतर अडीच-तीन तासांनी उगवतो. जेवणाच्या वेळी मिट्ट काळोख आणि झोपायच्या वेळी लख्ख चांदणं, दोन्ही खरं. दोन्ही आठवणी पुस्तकात आहेत.

सायटेशनचं वाचन वेगळ्या सावधगिरीने करावं लागतं. शौर्यपदकांची अधिसूचना राष्ट्रपती सचिवालयाकडून भारताच्या राजपत्रात निघते, तिच्या क्रमांकात 'प्रेस' असं येतं. हे वृत्तपत्रांचं प्रेस नव्हे, प्रेसिडेंटचं संक्षिप्त रूप. आमच्याच एका मसुद्यात ते 'प्रसिद्धिपत्रक क्रमांक' झालं होतं. सायटेशन वैमानिक लिहीत नाही. ते वरिष्ठांच्या शिफारशीवरून तयार होतं, थोडक्यात असतं, आणि त्याची भाषा ठरलेली असते. त्यात हुद्दा त्या दिवसाचा असतो. सर तेव्हा फ्लाइट लेफ्टनंट होते, विंग कमांडर पुढे झाले. प्रकरणाच्या मजकुरात 'विंग कमांडरांनी झेप घेतली' असं लिहिलं की जाणकार वाचक पुस्तक तिथेच मिटतो.

घरातल्या फोटोंच्या तारखाही अशाच तपासाव्या लागतात. एका फोटोमागे काकूंच्या, म्हणजे सरांच्या पत्नीच्या, अक्षरात 'डिसेंबर ७१' होतं. फोटोत सरांच्या छातीवर वीरचक्राची फीत आहे, अर्धी गडद निळी आणि अर्धी केशरी. कृष्णधवल फोटोतही तिचे दोन भाग वेगळे दिसतात. सरांच्या पदकाची घोषणा युद्ध संपल्यानंतरची, तेव्हा फोटो डिसेंबर १९७१चा असूच शकत नाही. खांद्यावरच्या पट्ट्या पाहिल्या: दोन रुंद पट्ट्यांच्या मध्ये एक बारीक. म्हणजे स्क्वाड्रन लीडर. फोटो आणखी पुढे सरकला. शेजारी पश्चिम आघाडीच्या 'पश्चिमी स्टार' पदकाची फीत आहे, पूर्व आघाडीच्या 'पूर्वी स्टार'ची नाही, यावरून आघाडीही पक्की झाली. काकूंना हे सांगितल्यावर त्यांनी ट्रंकेतून आंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा काढून दिला. पाठवणाऱ्याचा पत्ता 'द्वारा ५६ एपीओ', म्हणजे लष्करी टपाल कार्यालयाचा, त्यामुळे जागा कळत नाही, पण आत सरांच्या हातची तारीख आहे. त्या गठ्ठ्याने आमच्या आठ-दहा शंका एका दुपारी मिटल्या.

आता बोलण्याकडे येतो. एकूण सव्वीस बैठका झाल्या, प्रत्येक सव्वा तासाची, सकाळी दहाला. ऐंशीच्या पुढच्या माणसाला दीड तासावर बसवू नये. सव्वा तासानंतर आठवण येत नाही, ती सांगायची सवय येते. दोन रेकॉर्डर एकाच वेळी चालू ठेवले, एक टेबलावर, एक कॉलरला. पंखा बंद, फ्रीजचा प्लग काढलेला, कुकर आधीच उतरवलेला. प्लग पुन्हा लावायची आठवण राहावी म्हणून स्वतःची किल्ली फ्रीजवर ठेवायची. साडेबत्तीस तासांचं मुद्रण झालं. एक तास कागदावर उतरवायला सहा तास लागतात, कारण सरांच्या एका वाक्यात मराठी, इंग्रजी आणि फौजी हिंदी तिन्ही नांदतात. कागदावर दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास शब्द झाले. पुस्तकात अडुसष्ट हजार आहेत.

उतरवून घेणाऱ्याला हवाई दलाची बोली माहीत नसेल तर काय होतं, याचे दोन नमुने. सर म्हणाले, "सकाळीच विमान यूएस झालं." कागदावर आलं, 'सकाळीच विमान अमेरिकेला गेलं.' यूएस म्हणजे अनसर्व्हिसेबल, उड्डाणाला नादुरुस्त. दुसरं याहून धोक्याचं, कारण ते चुकीचं वाटतच नाही. रेडिओवर लीडर ओरडला, "ब्रेक लेफ्ट!" कागदावर आलं, 'लीडरने डावीकडे ब्रेक लावायला सांगितला.' लढाऊ विमानात ब्रेक म्हणजे मागे शत्रू लागला असता जीव खाऊन घेतलेलं तीव्र वळण. सहा जीचं, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सहापट जोराचं, वळण असेल तर पासष्ट किलोचा माणूस स्वतःला तीनशे नव्वद किलोचा लागतो, जी-सूट पोट आणि मांड्या आवळून धरतो, तरी डोळ्यांसमोर कडेने अंधारी येते. 'ब्रेक लावला' असं छापलं असतं तर त्या वाक्यातला सगळा जीव गेला असता. त्यानंतर आम्ही शब्दांची यादी केली आणि एक नियम ठरवला. रेडिओवर जे जसं बोललं गेलं ते तसंच, देवनागरीत. सॉर्टी, फॉर्मेशन, नंबर टू, ब्रीफिंग, बिंगो, स्नॅग (विमानातला बिघाड) हे शब्द तसेच. धावपट्टी, विमानवेधी तोफा, टेहळणी, तळ हे मराठीत, कारण सर ते मराठीतच बोलतात. ओढूनताणून केलेला प्रतिशब्द एकही नाही.

प्रश्न कसे विचारायचे, हे शिकायला चार बैठका वाया गेल्या. 'त्या क्षणी काय वाटलं?' हा प्रश्न निरुपयोगी आहे. उत्तर एकच येतं: "काही नाही, काम चालू होतं." ते उत्तर खरंही आहे. वैमानिकाला आयुष्यभर डीब्रीफिंगची शिस्त लागलेली असते. उतरल्यावर पंधरा मिनिटांत काय पाहिलं, काय केलं, काय चुकलं, विमानात स्नॅग कोणता, एवढंच सांगायचं. वाटण्याला तिथे रकाना नसतो. मग आम्ही तीच चौकट घेतली. ब्रीफिंग, एफ-७००वर (विमानाच्या दुरुस्ती-देखभालीच्या नोंदवहीवर) सही, विमानाभोवतीची फेरी, स्टार्ट-अप, टॅक्सी, टेक-ऑफ, मार्ग, पुल-अप (हल्ल्याआधी झटकन वर चढणं), हल्ला, बाहेर पडणं, पुन्हा एकत्र येणं, लँडिंग. प्रत्येक टप्प्याला एकच प्रश्न: हात कुठे होते?

हंटरच्या कॉकपिटचा मोठा फोटो छापून आणला आणि टेबलावर तिरपा उभा केला. सर बोलायला लागले आणि डावा हात आपोआप मांडीच्या बाहेर गेला, मूठ वळली, थ्रॉटलवर. उजवा हात दोन गुडघ्यांच्या मध्ये, स्टिकवर. पुल-अप आला तेव्हा उजवं मनगट पोटाकडे आलं आणि मान डावीकडे वर वळली, लक्ष्य शोधायला. तिथे ते थांबले. म्हणाले, "मी उजवीकडे नाही वळलो. इतकी वर्षं उजवीकडे सांगत आलोय." हाताने तोंडाची चूक दुरुस्त केली. मार्गाच्या नकाशाशी पडताळलं, डावं वळणच बरोबर निघालं. त्या दिवशी रेकॉर्डरच्या जोडीला व्हिडिओ लावायला हवा होता, तो नव्हता. पुढच्या बैठकीपासून लावला.

आठवणीतले आकडे विमानाच्या आकड्यांशी ताडून पाहावे लागतात. हंटरच्या नाकाखाली ३० मिमीच्या चार एडन तोफा. एकेक तोफ मिनिटाला बाराशेच्या आसपास गोळे टाकते, आणि तिच्या वाट्याला दीडशेच्या आसपास गोळे. म्हणजे बोट दाबून धरलं तर सात-साडेसात सेकंदांत विमान रिकामं. मसुद्यात 'बराच वेळ मारा करत राहिलो' असं होतं. तसं होणं शक्य नाही. प्रत्यक्षात अर्ध्या-एक सेकंदाचे फटके, चार फेऱ्या. सरांनी हे वाचलं आणि स्वतःच 'बराच वेळ' खोडून 'चार वेळा' लिहिलं. मार्गाचंही तसंच. खालून उडताना वेग ४२० नॉट ठेवायचा, कारण हिशोब सोपा: मिनिटाला सात नॉटिकल मैल, जवळपास तेरा किलोमीटर. अडीच लाखात एक प्रमाणाच्या नकाशावर हे अंतर सव्वापाच सेंटिमीटर भरतं. वीस मिनिटांच्या मार्गाला मीटरभर नकाशा लागतो. तो पट्टीसारखा कापायचा, घडीघडीने दुमडायचा, मिनिटामिनिटाला आडवी रेघ मारायची आणि मांडीला बांधायचा. आम्ही तसा नकाशा करून दिला, सरांनी स्टॉपवॉच घेऊन तो खुर्चीत बसून 'उडवला'. कोणत्या मिनिटाला कालवा आला, कोणत्या मिनिटाला रेल्वे, हे त्या एका बसणीत बाहेर पडलं.

अकराव्या बैठकीनंतर मात्र कामाचा ढंगच बदलला. सर स्वतः लिहू लागले. पहाटे पाचला उठून, दोनशे पानी रेघी वहीत, मराठीत, रोज तीन पानं. शाळा पुण्यात मराठी माध्यमात झालेली, पुढे खडकवासल्याला एनडीएत गेल्यापासून लिहिणं इंग्रजीत. मराठी लिपी हातातून गेली असेल अशी आमची समजूत होती, ती साफ खोटी ठरली. पहिली वीस पानं डीब्रीफिंगसारखी कोरडी होती. आम्ही एकच सुचवलं: हे सीओला सांगू नका, त्या दिवशी विमानाजवळ उभ्या असलेल्या आर्मररला, म्हणजे तोफा भरणाऱ्याला, सांगा. तिथून लिखाण उघडलं. हंटरमध्ये चारही तोफा आणि त्यांचे गोळे एकाच संचात बसवलेले असतात. उतरल्यावर तो सबंध संच पोटाखालून खाली घ्यायचा आणि भरलेला दुसरा वर चढवायचा, नळ्या विमानातच राहतात. थंडीत बोटं बधिर झालेली, हातमोजे घातले तर खटके लागत नाहीत, म्हणून उघड्या हातांनी काम करणारी ती चार-पाच पोरं, आणि इंजिन बंद झाल्यावर शिडी लावणाऱ्याने आधी सरांच्या चेहऱ्याकडे आणि मग तोफांच्या तोंडांकडे पाहिलं तो क्षण. तोंडांवर काजळी असेल तर मारा झालाय. ही पानं आम्ही लिहिलेली नाहीत. शब्दांकन करणाऱ्याला ती लिहिता आलीच नसती. त्यानंतर आमचं काम एवढंच राहिलं की तारखा तपासायच्या आणि अनुस्वार. मुखपृष्ठावर आता फक्त सरांचं नाव आहे. 'शब्दांकन' हा शब्द आम्हीच काढायला लावला.

नंबर टूबद्दल. त्याच आठवड्यात पुढच्या एका सॉर्टीत तो परतला नाही. सर त्याविषयी बोलताना कधीच 'शहीद', 'वीरगती' म्हणाले नाहीत, म्हणायचे, "तो गेला." आम्ही एका मसुद्यात 'हुतात्मा झाला' केलं होतं, ते परत 'गेला' झालं, आणि तेच योग्य आहे. कागदोपत्री नोंद आधी 'मिसिंग'ची असते. ती नोंद आणि घरच्यांनी स्वीकारलेलं सत्य यांत काही वर्षांचं अंतर असू शकतं. म्हणून ते प्रकरण छापण्याआधी त्याच्या घरच्यांना वाचायला दिलं, टपालाने नाही, सर स्वतः घेऊन गेले. त्यांनी दोन वाक्यं काढायला सांगितली. कोणती, ते इथे सांगणार नाही. काढली. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकातल्या त्यागचक्रावर नाव कसं कोरलंय ते पाहून आडनावाचं शुद्धलेखनही त्याच वेळी पक्कं केलं.

कायद्याची बाजू थोडक्यात. शासकीय गुपिते कायदा १९२३चा आहे आणि तो निवृत्तांनाही सोडत नाही. जे मजकुरासाठी गरजेचं नव्हतं ते आधीच गाळलं: तळाची रचना, आजही वापरात असलेल्या जागा, हयात सहकाऱ्यांची नावं त्यांच्या संमतीशिवाय. संरक्षण मंत्रालयाने जून २०२१मध्ये युद्धनोंदींबाबत धोरण जाहीर केलं, त्यात नोंदी साधारणपणे पंचवीस वर्षांनी खुल्या करण्याचं म्हटलं आहे. पण आठवणींचं पुस्तक त्या नोंदींच्या वाटेवर अडवून ठेवू नये. माणूस ऐंशीच्या पुढे असतो.

छपाईतली एक अडचण सांगायलाच हवी. सरांनी पूर्वी लिहिलेले काही लेख जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये होते. युनिकोडमध्ये आणताना 'ऱ्या' फुटला, 'ॲ'च्या जागी चौकट आली आणि अंक इंग्रजी झाले. रूपांतर करून दुरुस्त करण्यापेक्षा पुन्हा टंकलेखन केलं, ते स्वस्त पडलं आणि त्यात आमचे डोळे मजकुरावरून आणखी एकदा फिरले. डेमी आकार, दोनशे चाळीस पानं, सोळा पानांचे पंधरा फॉर्म. फोटो आर्ट पेपरवर वेगळे. शेवटी शब्दसूची, कारण वाचकाला 'बिंगो' म्हणजे परत फिरायला भाग पाडणारी इंधनाची पातळी हे कळायला हवं.

त्या एका सॉर्टीचं प्रकरण अकरा पानांचं झालं आहे. सुरुवातीला लॉगबुकातल्या ओळीचा फोटो, पूर्ण आकारात. सायटेशनमध्ये उद्ध्वस्त केलेल्या टँकांचा आकडा आहे. सरांच्या आठवणीत आकडा नाही, धूर आहे. आम्ही सायटेशनचा मजकूर जसाच्या तसा चौकटीत दिला आणि सरांचा जसाच्या तसा खाली. गेल्या आठवड्यात शेवटचं प्रूफ त्यांच्याकडून परत आलं. सातव्या फॉर्ममध्ये, पान १०३वर, एकच दुरुस्ती. आमच्या वाक्यात 'तीन टँक नष्ट झाले' होतं. निळ्या पेनाने 'नष्ट झाले' खोडलेलं, आणि समासात, सरळ शिरोरेषेच्या शाळकरी अक्षरात: 'पेटलेले मी पाहिले.'